मोठ्या संग्राह्य अंतराळयानाचा रिव्ह्यू कसा करावा: पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या मोठ्या खेळण्यातल्या यानाचं खोकं घरी आलं आणि मी ते त्याच संध्याकाळी फोडलं. रात्री उशिरापर्यंत पंख, तोफा, पाय सगळं जागेवर बसलं होतं, यान टेबलावर उभं होतं. दुसऱ्या दिवशी रिव्ह्यू लिहायला बसल्यावर लक्षात आलं की लिहिण्यासारखं बरंच काही निसटून गेलंय. खोक्यात भाग कसे रचले होते याचा फोटो नव्हता. जोडायला किती वेळ लागला याची नोंद नव्हती. डावा पंख बसवताना अडलं होतं एवढं आठवत होतं, पण कोणत्या पायरीला ते आठवेना. तो पंख एकदा खटकन बसला की परत निघणारा नव्हता, त्यामुळे पुन्हा करून बघण्याचीही सोय उरली नव्हती.

मोठ्या यानाच्या बाबतीत कितीतरी गोष्टी एकदाच घडतात. सील एकदाच फुटतं, स्टिकर एकदाच सरळ लागतो, कोरं प्लास्टिक एकदाच कोरं असतं. हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे: काय कधी बघायचं, काय कधी मोजायचं, आणि कोणती गोष्ट पुढच्या पायरीवर गेल्यावर कायमची हुकते. मोठी माणसं या यानावर बरेच पैसे घालतात, घरातली मोठी जागा देतात. त्यांनी तुमच्या शब्दावर विसंबून निर्णय घ्यायचा असेल तर तेवढी तयारी आपली असायलाच हवी.

आधी ओळखा: समोरचं यान कोणत्या जातीचं आहे

सगळ्या यानांना एकच फूटपट्टी लावणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक. ढोबळमानाने तीन जाती धरा.

पहिली, विटांचे सेट, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या ठोकळ्यांनी जोडायची यानं. लेगोने २००० साली अल्टिमेट कलेक्टर सीरिज सुरू केली. याच मालिकेत २०१७ मध्ये आलेला मिलेनियम फाल्कन, म्हणजे स्टार वॉर्स चित्रपटांतलं प्रसिद्ध यान (सेट क्रमांक ७५१९२), ७५४१ तुकड्यांचा आहे. इथे जोडणी हाच अर्धा अनुभव असतो.

दुसरी, फिगरसाठी, म्हणजे चित्रपटातल्या पात्रांच्या छोट्या बाहुल्यांसाठी बनलेली तयार किंवा जवळजवळ तयार यानं. केनर कंपनीने १९७८ पासून पावणेचार इंची बाहुल्या विकायला सुरुवात केली आणि त्या बाहुल्या आत बसतील अशी यानं बनू लागली. आजची हॅझब्रो या खेळण्यांच्या कंपनीची मोठी यानं त्याच परंपरेतली. इथे आतल्या खोल्या, उघडणारे दरवाजे आणि हाताळताना येणारा भक्कमपणा बघायचा.

तिसरी, मॉडेल किट, म्हणजे सुटे भाग कापून, जोडून बनवायची प्रतिकृती. बंदाई कंपनीचा १/७२ मापाचा (कथेतल्या यानाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढा) फाल्कन हे ठळक उदाहरण. इथे साच्याची धार, भाग एकमेकांत किती घट्ट बसतात आणि रंग न देता यान कसं दिसतं हे महत्त्वाचं.

विटांच्या सेटला 'वरचे गोल टेंभे दिसतात' म्हणून गुण कापणं किंवा मॉडेल किटला 'मुलांच्या हातात टिकणार नाही' म्हणून नावं ठेवणं, दोन्ही अन्यायच. यान कोणत्या जातीचं आहे हे तुमच्या रिव्ह्यूच्या पहिल्या परिच्छेदातच सांगा.

जवळ काय काय हवं

साहित्य:

- मोजपट्टी (कापडी असली तर उत्तम, वक्र भाग मोजता येतात) आणि शक्य असल्यास व्हर्निअर कॅलिपर
- माणसाचं वजन करायचा काटा, सुट्या भागांसाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा
- ट्रायपॉड, दोन दिवे, दिव्यासमोर धरायला पातळ पांढरं कापड किंवा ट्रेसिंग पेपर
- पार्श्वभूमीसाठी मोठी, बिनसुरकुत्यांची एकरंगी चादर
- बॅटरीच्या झाकणाला लागणारा छोटा चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर, नव्या बॅटऱ्या
- मऊ रंगाचा ब्रश, मायक्रोफायबरचं फडकं
- त्याच मापाच्या दोन-तीन फिगर
- वही. फोनमधल्या नोंदी चालतील, पण जोडताना हात मोकळे नसतात आणि वही उघडी ठेवता येते.

कागदपत्रं: बिल, मागणी नोंदवल्याची पावती, जोडणीची पुस्तिका, भागांची यादी, बदली भाग मागण्यासाठी पुस्तिकेवर छापलेला क्रमांक. आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: विक्रीच्या जाहिरातीची प्रत. तिचं कारण पहिल्याच पायरीत येतंय.

१. खोकं येण्याआधी कंपनीचे दावे उतरवून घ्या

यान जाहीर होतं तेव्हा कंपनी लांबी-रुंदी, तुकड्यांची संख्या, किती फिगर, कुठे उजेड, कुठे आवाज असं सगळं सांगते. ते जसंच्या तसं साठवून ठेवा. उत्पादनाची माहिती नंतर बदलते, चित्रंही बदलतात.

आगाऊ मागणीवर बनणाऱ्या यानांच्या बाबतीत तर हे फारच गरजेचं आहे. हॅझब्रोच्या हॅसलॅब या आगाऊ मागणीच्या योजनेत २०२० मध्ये रेझर क्रेस्ट हे स्टार वॉर्समधलं यान मांडलं गेलं, तेव्हा किमान ६००० मागण्या आल्या तरच ते बनणार होतं. अशा योजनांत मागण्या वाढतील तसे जादा भाग जाहीर होतात. आधी दाखवलेला नमुना हाताने रंगवलेला असतो, आणि कारखान्यातून आलेलं यान त्याच्यापेक्षा थोडं वेगळं असू शकतं. त्या दोन्हींतला फरक दाखवणं हे रिव्ह्यू करणाऱ्याचं काम आहे. वर्षभरापूर्वीचा नमुना आठवणीवर विसंबून ताडून बघता येत नाही.

वहीत दोन रकाने करा: 'काय सांगितलं' आणि 'काय मिळालं'. दुसरा रकाना सध्या रिकामा ठेवा.

२. जागा मोजा

लेगोचा ७५१९२ हा फाल्कन सुमारे ८४ सेंटिमीटर लांब, ५६ रुंद आणि २१ उंच आहे. लेगोचाच २०१९ मधला ४७८४ तुकड्यांचा इम्पीरियल स्टार डिस्ट्रॉयर (स्टार वॉर्समधली महाकाय युद्धनौका, ७५२५२) तब्बल ११० सेंटिमीटर लांब आणि ६६ रुंद. पुस्तकांच्या नेहमीच्या कपाटाची खोली तीसेक सेंटिमीटर असते. म्हणजे दोन्ही यानं तिथे मावत नाहीत, आडवी ठेवूनही नाहीत. वाचकाला आकडे सांगितले की तो मान डोलावतो. 'पुस्तकांच्या कपाटात बसत नाही' असं सांगितलं की तो उठून भिंत मोजायला जातो.

तुमच्या स्वतःच्या सोयीसाठीही हे आधी करा. यानाच्या दुप्पट जागा जोडणीला लागते. जोडून झालेलं यान त्या खोलीच्या दारातून बाहेर काढता येईल का, हेही बघून घ्या.

३. खोकं उघडणं

घाई करायची नाही, एवढं एक पाळलंत तरी पुरे.

सहाही बाजूंचे फोटो काढा, कोपरे दबलेले असतील तर जवळून काढा. बाहेरच्या पुठ्ठ्याचं खोकं आणि आतलं छापील खोकं, दोन्हींची मापं घ्या. खोक्यासकट वजन करण्याची सोपी रीत: आधी स्वतः काट्यावर उभं राहा, मग खोकं उचलून उभं राहा, वजाबाकी करा. एकट्याने उचलता आलं नाही तर तेही लिहा. तीही वाचकाच्या कामाची माहितीच आहे.

ब्लेड अगदी वरच्यावर चालवा. पाती बाहेर काढून पुठ्ठ्यात खुपसली की खालच्या यानाच्या पाठीवर ओरखडा उठतो आणि तो कंपनीचा की तुमचा हे मग सिद्ध करता येत नाही. सील फुटल्यापासून सगळे भाग मोजून होईपर्यंत सलग, न थांबवता व्हिडिओ घ्या. भाग कमी निघाला तर तक्रारीला हाच पुरावा लागतो. माझ्या एका यानात लँडिंग गिअरचा एक पाय आलाच नव्हता. व्हिडिओ होता म्हणून तो चर्चेशिवाय मिळाला.

आतले थर ज्या क्रमाने निघतात त्या क्रमाने प्रत्येकाचा फोटो काढा. पुढे घर बदलताना तुम्हालाच हे फोटो लागतील, आणि 'परत खोक्यात भरता येतं का' हा संग्राहकाचा हमखास प्रश्न असतो. साचे, ट्रे, पिशव्या काहीही लगेच टाकू नका. तळाशी चिकटलेली छोटी पिशवी हमखास कचऱ्यात जाते. काचेसारख्या पारदर्शक भागांवर कधी कधी पातळ संरक्षक पापुद्रा असतो. तो काढायच्या आधी 'खिडकी धुरकट आहे' असं लिहून बसू नका.

४. जोडणीची रोजनिशी

विटांच्या सेटमध्ये पिशव्यांवर क्रमांक असतात. प्रत्येक क्रमांकाची पिशवी संपली की वेळ लिहा आणि त्याखाली एकच वाक्य: मजा आली, कंटाळा आला, गोंधळ झाला, जे असेल ते. शेवटी ही वाक्यं ओळीने वाचलीत की रिव्ह्यूचा कणा तयार झालेला दिसेल. मोठ्या यानात एकच कृती डाव्या आणि उजव्या बाजूला दोनदा करावी लागते. काहींना ती लय आवडते, काहींचा जीव जातो. किती पिशव्या अशा पुनरावृत्तीच्या आहेत ते सांगा आणि तुम्हाला ते कसं वाटलं तेही सांगा. निवड वाचक करेल.

पुस्तिकेत काळा आणि गडद करडा हे रंग एकमेकांत मिसळून दिसतात का, ते बघा. दिव्याच्या पिवळ्या उजेडात हा घोळ जास्त होतो. जिथे चूक झाली त्या पायरीचा क्रमांक लिहा. इतक्या लोकांपैकी तुम्ही तिथे अडखळलात तर पुढचाही अडखळेल.

यानाचा सांगाडा झाकला जाण्याआधी त्याचे फोटो घ्या. मोठ्या विटांच्या यानात आत टेक्निक पट्ट्यांची (लेगोच्या भोकं असलेल्या भक्कम पट्ट्यांची) चौकट असते आणि बाहेरचे तक्ते तिच्यावर बिजागऱ्यांनी, चिमट्यांनी लटकवलेले असतात. यान उचलल्यावर कुरकुरेल की नाही, तक्त्यांमध्ये फटी पडतील की नाही, हे सगळं या चौकटीत ठरतं. २००२ सालच्या ३०९६ तुकड्यांच्या स्टार डिस्ट्रॉयरमध्ये (१००३०) बाहेरचे तक्ते चुंबकांनी धरलेले होते. पुढच्या काळात कंपनीने वेगळे मार्ग काढले. हे माहीत असलेला वाचक तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारेल: तक्ते कशावर टेकलेत?

तयार यानांत जोडणी दहा-वीस मिनिटांची असते, पण तिथे वेगळा सापळा आहे. काही भाग एकदा दाबून बसवले की निघत नाहीत. पुस्तिका आधी पूर्ण वाचा आणि असे न परतणारे भाग पेन्सिलने खूण करून ठेवा. ते बसवण्याआधी थांबा, फोटो काढा, जोर किती लागतोय ते नोंदवा. माझा तो डावा पंख मी याच ठिकाणी गमावला.

मॉडेल किटमध्ये भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिला रनर म्हणतात. नवे असाल तर रंग न देता, नुसतं जोडून आधी रिव्ह्यू करा. तुमच्या रंगकामाचं श्रेय किंवा दोष किटला जाता कामा नये.

स्टिकरबद्दल स्पष्ट लिहा: किती आहेत, किती जागा छापील आहेत, एखादा स्टिकर दोन तुकड्यांच्या सांध्यावर येतो का. मोठ्या यानाची माहितीपट्टी, जी समोर उभी करून ठेवतात, तिच्यावर भलामोठा स्टिकर असेल तर तो वाकडा लागण्याची धास्ती जोडणीभर मनात राहते. सरळ लावायचा असेल तर पृष्ठभागावर साबणाच्या पाण्याचा एकच थेंब पसरा, स्टिकर ठेवून सरकवा, आणि पाणी मऊ फडक्याने मधून कडेकडे दाबत काढा.

५. मापं आणि प्रमाण

बहुतेक रिव्ह्यूंमध्ये हे एका ओळीत उरकलेलं असतं. माझ्या मते याच भागात तुमच्या रिव्ह्यूला इतरांपेक्षा जास्त किंमत येते, आणि त्यासाठी साधा भागाकार पुरतो.

यानाची कथेतली लांबी घ्या, खेळण्याच्या लांबीने भागा. फाल्कन कथाविश्वात सुमारे ३४.७५ मीटरचा मानला जातो. १/७२ केला तर साधारण ४८ सेंटिमीटर येतात, आणि बंदाईचा फाल्कन जवळपास तेवढाच आहे. म्हणजे खोक्यावरचं प्रमाण खरं आहे. आता लेगोचा ८४ सेंटिमीटरचा फाल्कन: भागाकार येतो साधारण ४१. लेगोची छोटी माणसं, म्हणजे मिनिफिगर, सुमारे ४ सेंटिमीटर उंच असतात. पावणेदोन मीटरच्या माणसाचं ते साधारण १/४४ माप झालं. दोन्ही आकडे शेजारी येतात. म्हणून त्या यानात मिनिफिगर बसवल्यावर डोळ्याला खटकत नाही.

आता पावणेचार इंची फिगर घ्या. तिचं माप साधारण १/१८. त्या मापाचा पूर्ण फाल्कन बनवायचा तर तो १.९ मीटरहून लांब होईल. अशा आकाराचं खेळणं कोणाच्या घरात मावणार? त्यामुळे फिगरसाठी बनलेली जवळजवळ सगळी मोठी यानं आक्रसलेली असतात. कॉकपिट फिगरच्या मापाचा, बाकी यान त्याहून लहान मापाचं. यात फसवणूक नाही, हा बनवणाऱ्याने घेतलेला निर्णय आहे. तो निर्णय कुठे जमलाय आणि कुठे कॉकपिट डोक्यावर ठेवलेल्या टोपीसारखा दिसतोय, हे तुम्ही सांगायचं.

स्टार डिस्ट्रॉयर तर कथेत १६०० मीटरचा. ११० सेंटिमीटरचा सेट म्हणजे १/१४५० च्या आसपास. त्याच्यासोबत येणाऱ्या दोन मिनिफिगर फक्त शेजारी उभ्या करायच्या. मिनिफिगरच्या मापात ते यान बांधायचं झालं तर छत्तीस मीटर जागा लागेल.

फिगर प्रत्यक्ष बसवून बघा. कॉकपिटचं झाकण फिगरच्या डोक्याला न घासता बंद होतं का? हात सुकाणूपर्यंत पोचतात का? उतरत्या रॅम्पवर फिगर उभी राहते का की घसरते? खोक्यावर 'सहा जण बसतात' असं असेल तर सहाही बसवून फोटो द्या.

'हुबेहूब' या शब्दाशी जपून राहा. कशाशी हुबेहूब? १९७७ च्या पहिल्या स्टार वॉर्स चित्रपटासाठी फाल्कनची मोठी प्रतिकृती सुमारे पाच फुटांची होती. १९८० च्या चित्रपटासाठी ३२ इंचांची दुसरी बनवली गेली, आणि जमिनीवर टेकवायच्या पायांची मांडणीही या दोन चित्रपटांत वेगळी आहे. शिवाय त्या प्रतिकृतींवरचं बारीक नक्षीकाम, ज्याला छंदातले लोक ग्रीबलिंग म्हणतात, ते रणगाडे आणि विमानांच्या बाजारी मॉडेल किटमधले भाग चिकटवून केलेलं होतं. लेगोच्या ७५१९२ मध्ये जुनी गोल आणि नंतरची चौकोनी अशा दोन्ही अँटेना दिल्या आहेत, म्हणजे कोणत्या काळातलं यान हवं ते तुम्ही ठरवायचं. तुलना करताना कोणत्या चित्रपटातल्या यानाशी करताय ते लिहा, नाहीतर पहिल्याच वाचकाशी वाद होईल आणि तो बरोबर असेल.

६. उचला, हलवा, आठवडाभर ठेवा

यान कुठे धरून उचलायचं? पुस्तिकेत सांगितलंय का? दोन्ही हातांनी खालून उचला आणि काय गळून पडतं ते मोजा. अगदी शब्दशः मोजा: 'उचलताना तीन भाग निघाले, दोन अँटेना आणि मागची एक नळी'. 'बऱ्यापैकी मजबूत' यातून वाचकाला काहीच कळत नाही.

दरवाजे, रॅम्प, फिरत्या तोफा प्रत्येकी वीस-पंचवीस वेळा उघड-बंद करा. पहिल्या दिवशी घट्ट असलेला सांधा तेवढ्यात सैल पडला तर वर्षभरात काय होईल ते कळतंच. लँडिंग गिअरवर यान उभं करून चारही बाजूंनी जमिनीपासूनची उंची मोजा आणि तारीख लिहा. आठवड्याने पुन्हा मोजा. सततच्या ओझ्याखाली प्लास्टिक हळूहळू वाकतं. पंखाची टोकं आणि बारीक पाय आधी बोलतात.

उजेड-आवाज असेल तर अंधाऱ्या खोलीत बघा. इंजिनाचा निळा उजेड कवचाच्या पातळ भागातून बाहेर झिरपतो का, आवाज कमी करायची सोय आहे का, आपोआप बंद होतं का. बॅटरीचं झाकण यानाच्या पोटाला असेल तर बॅटरी बदलायला अख्खं यान उलटं करावं लागतं, हे जरूर सांगा. चाचणी झाली की बॅटऱ्या काढून ठेवा. अल्कलाइन बॅटरी झिरपली की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि संपर्काच्या पट्ट्या खाऊन टाकतं. पांढरी पूड दिसलीच तर हातमोजे घालून, कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर लावून पुसा.

७. रंग आणि प्लास्टिक

दिवसा, खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही. एकाच करड्या रंगाचे तक्ते शेजारी धरून छटा जुळतात का ते बघा. रंगवलेल्या यानांवर झीज आणि काजळी दाखवणारे फटकारे असतात. ते यानाच्या हालचालीच्या दिशेने आहेत की कुठेही मारलेत? दोन्ही बाजूंना अगदी सारखेच फटकारे असतील तर ते स्टेन्सिलचं काम आहे, आणि ते डोळ्याला कळतं.

यानाचं कवच बहुधा एबीएस प्लास्टिकचं असतं. त्यातल्या ब्युटाडाइन या घटकावर अतिनील किरणांचा परिणाम होऊन पांढरे-करडे भाग वर्षांनी पिवळे पडतात. फिगरचे मऊ भाग, झगे, पट्टे अनेकदा पीव्हीसीचे असतात आणि त्यातलं मऊपणा आणणारं द्रव्य कालांतराने बाहेर येऊन ते चिकट होतात. मऊ व्हिनाइलचा झगा वर्षभर कवचाला टेकवून ठेवलात तर डाग पडू शकतो. ही माहिती रिव्ह्यूत दोन ओळींत द्या, वाचक दुवा देईल.

८. फोटो

फोनची मुख्य लेन्स वाइड असते. मोठं यान अख्खं मावावं म्हणून जवळ जाऊन फोटो काढला की पुढचं टोक फुगतं आणि मागचं बारीक होतं. यानाचा आकार ताडण्यासाठी ज्याने फोटो बघितला, त्याची यात दिशाभूल होते. मागे जा, झूम दुप्पट करा किंवा नंतर कापा. कॅमेरा असेल तर लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) एफ/८ ते एफ/११ ठेवा, ट्रायपॉड लावा, म्हणजे टोकापासून शेपटीपर्यंत सगळं रेखीव येतं.

करडं यान करड्या भिंतीसमोर ठेवू नका. दिव्यासमोर पातळ कापड धरा, एक दिवा बाजूने आणि थोडा मागून द्या. तक्त्यांमधल्या फटी आणि नक्षी अशाच उजेडात उठून दिसतात. पहिल्या फोटोत शेजारी पांढरा कागद ठेवा म्हणजे रंग नंतर ताळ्यावर आणता येतात.

एक फोटो असा हवाच ज्यात माणसाचा हात किंवा एखादी ओळखीची वस्तू शेजारी आहे. आणि दोषांचे फोटो. सुंदर फोटो कंपनीने दिलेलेच असतात.

९. लिहायला बसा

वहीतला 'काय मिळालं' हा रकाना आता भरा. मग यान समोर ठेवून लिहा.

मोजलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवा. 'मागचा दरवाजा तीन मिलिमीटर उघडा राहतो' हे मोजलेलं. 'मला ते चालतं' हे वाटलेलं. दोन्ही लिहा, पण एकाच वाक्यात मिसळू नका.

किंमत भागिले तुकडे, हा हिशोब विटांच्या सेटबद्दल सगळे करतात. तो द्या, पण त्यावर थांबू नका. ग्रीबलिंगसाठी लागणारे बारीक तुकडे संख्येत मोठे आणि आकारात नखाएवढे असतात, त्यामुळे हजारो तुकड्यांचं यान अपेक्षेपेक्षा लहान निघू शकतं. वजन आणि लांबी सोबत दिलीत तर चित्र पुरं होतं.

'पुढे याची किंमत वाढेल' असं लिहायचा मोह टाळा. लेगोने २००७ मध्ये फाल्कनचा पाच हजारांहून जास्त तुकड्यांचा सेट (१०१७९) काढला. बंद झाल्यावर लोकांनी तो ठेवा म्हणून सांभाळला. दहा वर्षांनी ७५१९२ आला, आणखी मोठा. कंपनी पुढे काय काढेल हे तुम्हा-आम्हाला सांगता येत नाही, आणि कोणी तुमच्या वाक्यावर पैसे गुंतवले तर ते ओझं तुमच्यावर राहील.

यान फुकट मिळालं असेल, सवलतीत मिळालं असेल, तर पहिल्याच परिच्छेदात सांगा. शेवटी बारीक अक्षरात नाही.

लहानपणीच्या प्रेमाला जागा द्या. ज्या यानाकडे बघत आपण मोठे झालो, ते हातात धरल्यावर गळा दाटून येतो, आणि ते लिहायला हवं. मोठी माणसं ही यानं त्याच ओढीने घेतात. फक्त ते वेगळ्या परिच्छेदात लिहा, आणि त्या परिच्छेदात सैल सांध्याला माफी देऊ नका.

१०. सहा महिन्यांनी परत या

रिव्ह्यू प्रसिद्ध केल्याच्या दिवशीच वहीत सहा महिन्यांनंतरची तारीख टाका. त्या दिवशी करायचं एवढंच: लँडिंग गिअरजवळची उंची पुन्हा मोजा, पहिल्या आकड्याशेजारी लिहा. स्टिकरचे कोपरे उचललेत का बघा. सांधे पुन्हा हलवा. मऊ ब्रशने धूळ झाडायला किती वेळ लागतो तो मोजा. उघड्यावर ठेवलेल्या मोठ्या यानाच्या नक्षीत धूळ अशी बसते की कापडाने निघत नाही, आणि झाडताना किती तुकडे गळतात हेही तेव्हाच कळतं. ज्या कोनातून पहिला फोटो काढला होता त्याच कोनातून, त्याच उजेडात, पांढरा कागद शेजारी ठेवून दुसरा काढा.

मग जुन्या रिव्ह्यूच्या वर, खाली नव्हे, तारीख घालून हे जोडा. माझ्या एका यानाच्या रिव्ह्यूत पंखाचं टोक ९ मिलिमीटर खाली आलं ही ओळ अशीच नंतर आली. त्यानंतर ज्यांनी ते यान घेतलं त्यांनी पंखाखाली पहिल्या दिवसापासून पारदर्शक आधार लावला.